आमची वाटचाल: माणसं पारखताना

रत्नागिरीत सॉफ्टवेअरची कंपनी काढतोय म्हटल्यावर जो तो विचारायचा, इथे काम मिळणार आहे का? काम मिळालं. आंबा बागायतदारांचे हिशेब, पतसंस्था, हॉटेलांचं बुकिंग, एकातून दुसरं येत गेलं. कस लागला तो माणसं निवडताना. आमच्यासारख्या छोट्या कंपनीत निवड चुकली की सगळ्यांचं काम अडतं, आणि ज्याला घेतलं त्याच्यावरही अन्याय होतो.

व्याख्या विचारून काही कळत नाही. पॉलिमॉर्फिझमसारखी प्रोग्रॅमिंगमधली संकल्पना म्हणजे काय, हे मुलं झोपेतसुद्धा सांगतात. म्हणून आम्ही उमेदवारासमोर एक छोटा, बिघडलेला प्रोग्रॅम ठेवतो. वाशीच्या दलालाकडून आलेली पट्टी, म्हणजे आंब्याच्या विक्रीचा हिशेब, त्यात भरायची: पेट्या, दर, हमाली, तोलाई, भाडं. बेरीज काही पैशांनी चुकते, कारण रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांच्या प्रकारात ठेवलेली आहे. संगणकाच्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ०.१ नेमका मांडताच येत नाही, त्यामुळे ०.१ आणि ०.२ मिळून बरोबर ०.३ होत नाहीत. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवली की प्रश्न मिटतो. वेळ दोन तास, लॅपटॉप स्वतःचा, इंटरनेट खुलं. वीज गेली तर तेवढा वेळ वाढवून देतो.

मी शेजारी बसून बघतो. कोणी शेवटच्या बेरजेला राउंड लावून मोकळं होतं. ही पट्टी जुळते, पुढची फसते. लांज्याच्या एका मुलीने कोडला हात लावण्याआधी एक पट्टी कागदावर सोडवली आणि विचारलं, "सर, पेटीतले आंबे खराब निघाले तर वजावट दरातच धरायची की वेगळी दाखवायची?" बागायतदाराचं आणि दलालाचं वाजतं ते नेमकं याच ओळीवरून. दुरुस्ती तिची वेळेत झाली नाही, तरी तिला घेतलं. आज पट्टीचा सगळा भाग तीच सांभाळते.

श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नोकरीसाठी माणसं निवडण्याच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात प्रत्यक्ष काम करून घेण्याची चाचणी अगदी वरच्या पद्धतींमध्ये होती. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आकडे पुन्हा तपासले, तेव्हा सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत पहिली आली. आम्ही दोन्ही करतो. गुण प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचे, चर्चा नंतर. नाहीतर माझं मत ऐकून बाकीचे मान डोलावतात.

एआयकडून कोड लिहून घेतला तरी चालतो. मात्र मधलीच एखादी ओळ दाखवून विचारतो, ही काढली तर काय बिघडेल?

ज्यांना घेत नाही त्यांनाही फोन करून कुठे अडलं ते सांगतो. राजापूर-देवरुखहून एसटीने आलेल्या मुलाला एवढं कळायलाच हवं. काही जण तयारी करून पुन्हा आले आणि लागलेही. आंब्याचा हंगाम आटोपला की पुढची भरती आहे. पट्टीचा प्रोग्रॅम आता कॉलेजात बऱ्याच जणांना पाठ झालाय, म्हणून या वेळी पतसंस्थेच्या व्याजाचा देणार आहोत.