कुलपाचं भाडं

आंब्याचा मोसम ऐन भरात होता. पडवीत पेंढा पसरलेला, त्यावर आढीला घातलेले आंबे, आणि मी आतल्या खोलीत पेट्यांवर चिकटवायचे पत्ते छापत बसलेलो. तेवढ्यात लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक पिवळी पट्टी आली. आमचं सॉफ्टवेअर या संगणकावर यापुढे चालणार नाही, असा काहीसा मजकूर. माशी हाकलावी तशी मी ती हाकलली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी ब्राउझरमधलं कुलपाचं चित्रच करडं पडलं आणि बँकेच्या पानावर आपसूक भरला जाणारा पासवर्ड भरला जाईना. गिऱ्हाइकानं पैसे पाठवलेत म्हणून फोन केलेला, आणि मला माझ्याच खात्यात शिरता येईना.

हे सॉफ्टवेअर फुकटातलं नव्हे. सगळे पासवर्ड पोटात ठेवणारं, वर एकच मोठा पासवर्ड लावणारं असं ते २०१४ साली मी रोख पैसे मोजून घेतलं होतं. एकदाच भरा, कायम वापरा. या 'कायम'चा अर्थ मी आपला गुहागरी लावला. आमच्याकडे आगराच्या फाटकाला पितळी कुलूप आहे, आजोबांनी चिपळूणच्या बाजारातून आणलेलं. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी कुलूप चार पावसाळे काढत नाही, म्हणून पितळी. दर मृगाच्या आधी त्यात दोन थेंब तेल सोडायचं, एवढीच त्याची मागणी. कायम म्हणजे हे, अशी माझी समजूत.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बंद पडलं म्हणजे काय? गंजलं?"

"गंजलं नाही. कुलूप करणारा म्हणतो, या दाराला हे कुलूप आता चालायचं नाही."

"अरे, पण दार तेच आहे ना?"

"तेच आहे, म्हणूनच."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत पत्ते छापायला गेलो.

लॅपटॉप २०१२ चा, विंडोज ७ वाला. बदलत का नाही, हा प्रश्न मला दर दिवाळीत विचारला जातो. बदलत नाही, कारण पत्ते छापणारा प्रिंटर फक्त त्याचंच ऐकतो. शिवाय बागेचे बारा वर्षांचे हिशोब ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत तो नव्या यंत्रावर उघडतच नाही. म्हातारा गडी आणि म्हातारा बैल एकमेकांना सांभाळून असतात. त्यातल्या एकाला बदलून भागत नाही.

शनिवारी पुतण्या पुण्याहून आला. संगणकातलंच काम करतो. चहा संपायच्या आत त्यानं निदान केलं. "काका, तुमचं कुलूप अजून भक्कम आहे. वाळवी लागलीय ती चौकटीला."

मग त्यानं समजावून सांगितलं. विंडोज ७ ची डागडुजी खुद्द मायक्रोसॉफ्टनंच १४ जानेवारी २०२० ला थांबवली. त्यानंतर भिंतीला भोक पडलं तरी बुजवायला कुणी येणार नव्हतं. क्रोम ब्राउझरनं आणखी तीन वर्षं कळ काढली. त्याची १०९ वी आवृत्ती या विंडोजवर चालणारी शेवटची. २०२३ च्या फेब्रुवारीत ११० वी आली ती नव्या घरांसाठी. पासवर्डवाले या दोघांच्या खांद्यावर उभे, ते किती दिवस लोंबकळणार? तिजोरीतल्या मजकुराला २५६ बिटांचं एईएस कूटलेखन आहे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी गूढ लिपी, ते सहजी कुणाच्या बापाला फुटायचं नाही. पण मी मोठा पासवर्ड टाइप करत असताना चौकटीतून कुणी आत डोकावत असेल, तर त्या २५६ बिटांचा उपयोग शून्य.

हे पटलं. आडमुठा आहे, पण वाळवी मला कळते. शंभर वर्षांच्या फणसाच्या चौकटीला बाहेरून वाळवीचा पत्ता लागत नाही. बोटानं दाबलं की बोट आत जातं.

माझं भांडण सेवा थांबवण्याशी नाहीच. ते 'कायम' या शब्दाशी आहे. तीच कंपनी आता नवं सॉफ्टवेअर वर्षाच्या बोलीवर देते. म्हणजे कुलूप विकतच नाही, भाड्यानं देते. हे आधी सांगितलं असतं तर मी 'कायम'चा अर्थ लावायला बसलोच नसतो. पुतण्या म्हणाला, कीपास नावाचं फुकटचं आहे, उघड्या सांगाड्याचं, म्हणजे आतली घडण कुणालाही बघता येते असं, फाइल आपल्याच यंत्रावर राहते. मनातून मला ते आवडलं होतं. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा वीज नव्हती, रेंज नव्हती, पण बॅटरीत जीव होता तोवर माझी तिजोरी उघडत होती, कारण ती घरातच होती. पण कीपासची फाइल फोनवर आणि लॅपटॉपवर सारखी ठेवायची तर ती ने-आण आपली आपणच बघायची, असं तो म्हणाला. इथे मी हरलो. ऐन मोसमात मला स्वतःची चप्पल जोडीनं सापडत नाही.

तर ठरलं असं, की फोनवर भाड्याचं कुलूप घ्यायचं आणि जुन्या लॅपटॉपची इंटरनेटशी कायमची कट्टी. त्यानं पत्ते छापावेत, हिशोब सांभाळावेत, जगाशी बोलू नये. निवृत्त माणसाला याहून चांगलं काय मिळतं?

पण त्याआधी सामान हलवायला हवं होतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं बाहेर काढायचं एक बटण असतं. पुतण्यानं ते दाबलं, आणि सगळे पासवर्ड उघडेनागडे, साध्या अक्षरांत, एका तक्त्यात समोर आले. एकशे त्रेसष्ट ओळी. "काका, ही फाइल पाच मिनिटांत पुसायचीय," तो म्हणाला. मी तासभर वाचत बसलो.

पहिलीच ओळ ऑर्कुटची, फेसबुकासारख्या जुन्या गप्पांच्या अड्ड्याची. ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेऊन मी जे पहिलं कुलूप त्यात टांगलं, त्याचं घर त्याच वर्षी पडलं. खाली देना बँक. ती १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात विरून गेली, तरी माझ्याकडे तिची किल्ली शाबूत. गणपतीत चाकरमानी भावंडांची तिकिटं काढायला उघडलेली रेल्वेची तीन खाती, तिघांच्या नावांवर. एकशे वीस दिवस आधी पहाटेपासून यंत्रापुढे बसायचो. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती मुदत साठ दिवसांवर आली, धावपळ मात्र तेवढीच. मग वडिलांच्या नावचं वीजबिल. वडील जाऊन सहा वर्षं झाली, मीटर अजून त्यांच्याच नावावर.

गंमत अशी, की वरच्या ओळींतले पासवर्ड माझे होते. कुत्र्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कलम लावल्याचं साल. रागाच्या भरात ठेवलेला एक, जो इथे लिहिता येणार नाही. त्यावरून कुठल्या खात्याच्या कार्यालयात त्या दिवशी किती हेलपाटे झाले ते मला आठवलं. २०१५ पासून खाली सगळे यंत्रानं बनवलेले: मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी वीस-वीस अक्षरं. ते पक्के खरेच. पण त्यांत मी कुठेच नव्हतो.

"हे छापून ठेवूया का?" मी विचारलं. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यानंच एक किस्सा सांगितला. १९६१ च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूनं एकच संगणक अनेकांत वाटून वापरायची सोय केली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आणले. १९६२ साली तिथल्याच एका संशोधकानं, ॲलन शेर यांनी, सगळ्यांच्या पासवर्डांची यादी यंत्राकडूनच कागदावर छापून घेतली. का, तर वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता, म्हणून दुसऱ्यांच्या नावानं आत शिरायचं. म्हणजे कुलूप आणि कागद यांचं नातं जुनंच आहे. फाइल पुसली. ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसली, तिथूनही पुसली.

आई हे सगळं उंबऱ्यावरून बघत होती. तिचे पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या बाजूला असतात, दुधाच्या हिशोबात. गवळ्याचे चार लिटर, मग सात, मग एक, मग सहा, हा तिच्या एटीएमचा आकडा. गेली आठ वर्षं बँकेतून घरापर्यंत कुणालाही तो कळलेला नाही. (हे लिहायच्या आधी तिनं पिन बदलून घेतलाय. आता म्हणे तो धोब्याकडे गेलाय.)

नव्या सॉफ्टवेअरनं मोठा पासवर्ड विचारला आणि बजावलं, की हा विसरलात तर आम्हीही दार उघडू शकत नाही. एक आणीबाणीची किल्ली मात्र दिली, तीही छापून ठेवायला. जुन्या प्रिंटरनं ती आंब्याच्या पत्त्याच्या चिकटपट्टीवर छापली. आईनं ती माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि आत गेली. कुठे ठेवली ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"वर्षाला किती?" बाहेर येत तिनं विचारलं.

मी आकडा सांगितला. तिनं मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे एक पेटी गेली."

"गेली."

पुढच्या मेचं पान यंदाच्या कॅलेंडरात कुठून असणार? म्हणून तिनं डिसेंबरच्या पानावर, सासऱ्यांची श्राद्धतिथी पुढच्या वर्षी उतरवून घ्यायची असते त्याच्याच खाली, पेन्सिलनं लिहून ठेवलं: मे, कुलपाचं भाडं, एक पेटी.