ताणकाट्यावरची पिशवी

सोमवार, रात्री

वारीची पिशवी ताणकाट्याला लावली, तर साडेअकरा किलो भरली.

हा काटा आमच्याकडे कापसाचा. वेचणी सुरू झाली की धुऱ्यावरच्या बाभळीला टांगतो, संध्याकाळी एकेकीचं गठोडं त्याला अडकवतो आणि वजन वहीत मांडतो. उन्हाळाभर तो कोठ्यात खुंटीवर असतो. आज यांनी तो काढून पुसला, ओसरीच्या आड्याला बांधला आणि म्हणाले, "लाव आता तुही पिशवी. किती भरते ते पाहू दे."

साडेअकरा किलो तसे माझ्या अंगाला नवे नाहीत. कापूस वेचताना ओटीत तेवढं वजन कमरेला घेऊन मी ओळीने चालतेच. पण ओटी रिकामी बांधलेली असते, हळूहळू भरते आणि भरली की धुऱ्यावर जाऊन ओतून येता येते. वारीतलं ओझं पहाटे खांद्यावर चढलं की मुक्कामापर्यंत ओतायला धुरा नाही. मागच्या वर्षी हा फरक मला कळला नव्हता.

शनिवारी पहाटे निघायचं. पातूर, मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड, मग सेनगाव, नर्सी, औंढा, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा आणि पंढरपूर. शेगावहून गजानन महाराजांची पालखी याच वाटेने जाते. शेगाव ते पंढरपूर सातशे किलोमीटरच्या वर अंतर आणि महिनाभराची चाल. आम्ही पातूरकडचे, म्हणून आमचे पहिले काही मुक्काम वाचतात. तरी रोजची वीस-पंचवीस किलोमीटर काही चुकत नाहीत.

आमची दिंडी लहान, चाळीस माणसांची. सोबत ट्रक नाही, एक छोटा हत्ती टेम्पो असतो. त्यात भांडी, शिधा, ताडपत्री आणि म्हाताऱ्या माणसांच्या वळकट्या जातात. पन्नाशीच्या आतल्यांनी आपलं आपण वाहायचं, असा दिंडीचा नियम आहे आणि तो मला पटतो. मी सेहेचाळीस वर्षांची आहे.

मागच्या वर्षी मी औंढ्याहून परत आले, ते लिहून ठेवते. निघायच्या आदल्या बाजारी नव्या चपला घेतल्या होत्या. जाड तळ, चकचकीत पट्टा. सेनगावच्या रस्त्यावर उजव्या टाचेला फोड आला. खांद्यावर तेरा-चौदा किलो, त्यामुळे प्रत्येक पाऊल त्या फोडावरच दाबून पडायचं. नर्सीला पोचले तेव्हा त्यात पू झाला होता. नर्सी म्हणजे नामदेवांचं गाव. बायका दर्शनाला गेल्या आणि मी कयाधूच्या काठावर पाय लांब करून बसले. नामदेवांच्या गावात येऊन मंदिरापर्यंत चालवलं नाही, हे मला अजून आठवतं. औंढ्याला नागनाथाच्या दारात पाय टेकेना, तेव्हा दिंडीच्या महाराजांनी मला एसटीत बसवून दिलं. बायकांना निम्मं तिकीट असल्यामुळे पैसे पुरले. हिंगोलीपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

यंदा पिशवी विचार करून भरायची आहे.

मंगळवार

मोठीमाय आली. ही आमची चुलतसासू, सारं गाव तिला मोठीमाय म्हणतं. बाहत्तर वर्षं वय, एकोणीस वाऱ्या. ओसरीवर बसली, पिशवी उपडी केली आणि एकेक वस्तू हातात घेऊन एकच विचारत गेली: "हे ओलं झालं तं?"

चार साड्या होत्या. दोन सुती, दोन पॉलिस्टरच्या. सुती अंगाला बरी, घाम टिपते, म्हणून मी सुती जास्त घेणार होते. मोठीमाय म्हणाली, "सुती लुगडं दोन दिवस वाळत नाई पावसात. ओलं नेसून चाललीस का मांड्या सोलून निघतात." ती स्वतः नऊवारी नेसते आणि रस्त्याने चालतानाच दुसरं वाळवते. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला दुसरी बाई, मध्ये लुगडं वाऱ्यावर. कोस-दीड कोसात कोरडं होतं. शेवटी दोन पातळ पॉलिस्टरच्या साड्या आणि झोपताना नेसायला एक सुती, असं ठरलं. परकराखाली घालायला गुडघ्यापर्यंतच्या सुती पँट जावेच्या मुलीने दिल्या. मांड्या घासणं हे चालणाऱ्या बाईचं मोठं दुखणं आहे आणि त्यावर उघडपणे कोणी बोलत नाही. पहाटे खोबरेल तेल लावायचं, दुपारी पुन्हा लावायचं. ती बाटली खांद्याच्या पिशवीत, वरच.

पाळीचंही तसंच. माझी आता कधीही येते, कधी दोन महिने येत नाही. मागच्या वर्षी मी काहीच घेतलं नव्हतं, आणि रिसोडच्या अलीकडे एका शेतातल्या विहिरीजवळ फार तारांबळ झाली. यंदा पॅड आणि जुन्या सुती साडीचे सहा तुकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेतले. मोठीमायला भीत भीत विचारलं, पाळीत तुळस डोक्यावर घ्यावी का. ती म्हणाली, "माय, सातशे कोस चालून येनाऱ्या बाईले इठोबा हे इचारते का?" सातशे कोस नाहीत, किलोमीटर आहेत, पण मी तिला काही बोलले नाही. मला उत्तर मिळालं होतं.

खाण्याचं मात्र आमचं जमलं नाही. ती म्हणते, वाटेत गावोगाव लोक जेवू घालतात, काही नेऊ नको. ते खरं आहे. परभणीकडच्या गावांत माणसं रस्त्यावर उभी राहून हात धरून जेवायला बसवतात, असं सगळ्याच सांगतात. पण पहिल्या तीन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, जवसाची चटणी आणि फल्ली-गुळाचे लाडू मी नेणारच. घाटात अकरा वाजता पोटात आग पडते, तेव्हा पुढचं गाव लांब असतं. शिवाय हे वजन तीन दिवसांत खाऊन संपतं.

बुधवार

चपलांचा दिवस. जुन्याच घालणार. दोन पावसाळे झालेल्या, आतून अंगठ्याचा काळा ठसा उमटलेल्या. बसस्टँडजवळ बसणाऱ्या दादांनी टायरचा तळ शिवून दिला आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला मऊ चामड्याची पट्टी लावली. टाचेवर जिथे मागच्या वर्षी फोड आला होता तिथे बोट ठेवून मी दाखवलं, तर त्यांनी चपल परत घेऊन ती कड आणखी तासली. तिथून घरी चालत आले. उद्या आणि परवा शेतात जाऊन येऊन सहा-सहा किलोमीटर याच पायात असतील.

आशाताईकडे जाऊन आले. जलसंजीवनीच्या दहा पुड्या दिल्या. एक पुडी अख्खी एक लिटर पाण्यातच घालायची, पेल्यात थोडी थोडी टाकायची नाही, हे तिने दोनदा सांगितलं. पुड्या संपल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ. मृग लागला तरी ऊन अजून चैत्रासारखं आहे, डांबरी रस्ता दुपारी तव्यासारखा तापतो. पहिला आठवडा उन्हाचा आणि पुढचा सगळा चिखलाचा, असं आमच्या वाटेचं गणित असतं.

फोडाबद्दलही विचारलं. दिंडीत सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात आणि दोरा आत ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहतं. माझ्या टाचेत मागच्या वर्षी तसाच दोरा होता. आशाताई म्हणाली, दोरा आत ठेवायचा नाही, त्यावाटे घाण आत जाते. फोड लहान असेल तर हात लावायचा नाही, फुटला तर धुऊन पट्टी लावायची, वरची कातडी ओढून काढायची नाही. म्हणजे पू कशाने झाला ते मला आज कळलं. पट्ट्यांचं एक पाकीट, कापूस, मलम, यांच्या जुन्या बनियनच्या चिंध्या: हे सारं एका डब्यात भरलं.

गुरुवार, संध्याकाळी

गोधडीवर दोन दिवस अडले होते.

ही आईच्या हातची. तिच्याच तीन जुन्या लुगड्यांची, काठ अजून लाल आहेत. शाळेच्या फरशीवर, मंदिराच्या ओट्यावर झोपायचं तर अंगाखाली काहीतरी हवं, आणि आईची गोधडी अंगाखाली असली की मला झोप लागते. कोरडी काट्यावर लावली: दोन किलो सहाशे. मग मोठीमायचं "ओलं झालं तं?" आठवलं. बादली घेतली, गोधडी बुडवली, वर उचलली, पाणी निथळू दिलं आणि आड्याखाली नेऊन पुन्हा काट्याला अडकवली.

सात किलो.

ओसरीभर पाणी झालं. हे दारात उभे होते, काही बोलले नाहीत. पिळून पुन्हा लावली तरी पाचाच्या खाली येईना. अंबाजोगाईच्या आसपास रात्रभर पाऊस लागला आणि पहाटे ही अशी खांद्यावर घ्यावी लागली, तर मी पुन्हा एसटीतच बसणार. आईलाही ते आवडलं नसतं. तिला पंढरपूर पाहायला मिळालं नाही.

गोधडी कुंपणावर वाळत घातली आहे. तिच्या जागी एक पातळ चादर आणि ताडपत्रीचा माणूसभर तुकडा. ताडपत्री अंगाखाली, चादर वर. पावसासाठी खताच्या पोत्याची खोळ. ती पाणी धरत नाही, झटकली की कोरडी, आणि पिशवीवरूनही येते. प्लास्टिकचा रेनकोट मागच्या वर्षी होता, त्यात घामानेच भिजायला झालं आणि तो दुसऱ्या दिवशी काखेत फाटला.

शुक्रवार, रात्री

मोबाईल बटणांचा घेतला, मुलाचा जुना. चार दिवस चार्जिंग टिकतं आणि घरी बोलण्यापलीकडे मला त्याचं काम नाही. आधारची झेरॉक्स, यांचा नंबर लिहिलेला कागद, बारीक नोटा, महिन्याच्या गोळ्या, सगळं मेणकापडाच्या पाकिटात घालून कमरेला. उजेडाची बॅटरी. तांब्या. हरिपाठाची पोथी घेतली नाही, पाठ आहे.

मोठीमायचं न ऐकता घेतलेली एक वस्तू म्हणजे मामाजींचे टाळ. सहाशे ग्रॅम. ती म्हणाली, गाडीत दिंडीचे टाळ असतात, तुहे कायले? मला ते सांगता येईना. मागच्या वर्षी औंढ्याहून येताना ते पिशवीत होते आणि एसटी खड्ड्यात गेली की वाजायचे. ते गाडीतले परके टाळ मला यंदा हातात नको आहेत. दोरी तेवढी बदलली. जुनी मानेला काचायची, आता रुंद सुती फीत लावली आहे.

जावेला सरकीची पाकिटं दाखवून ठेवली. पाऊस झाला की नदीकडचं वावर आधी टोबायचं, तुरीची ओळ कुठे सोडायची, तेही दाखवलं. पेरणीच्या तोंडावर घरची बाई महिनाभर जाते म्हणजे काय, हे शेत असणाऱ्यालाच कळेल. ती म्हणाली, "तू जा, वयनी. मागच्या वर्षी तू माघारी आली त मलेच कसंतरी झालं होतं."

रात्री जेवण झाल्यावर पिशवी शेवटची लावली. सहा किलो तीनशे, दशम्या धरून. मोठीमायनेही आपलं बोचकं आणलं आणि काट्याला लावायला सांगितलं. तिची वळकटी गाडीत जाणार, पण बोचकं ती वर्षानुवर्षं स्वतःच वाहते. तीन किलो आठशे भरलं. ती वजनाकडे न बघता माझ्या पायाकडे बघत होती. "औंढ्यात पोचलो का मले आवाज देजो," म्हणाली. "तिथून मी तुह्या संगं चालीन."

पहाटे तीनला उठायचं आहे. चपला उशाशी घेतल्या आहेत. यांनी काटा अजून आड्यालाच राहू दिला आहे. सकाळी पाण्याची बाटली भरल्यावर एकदा लावून पाहू म्हणाले.