टेरिटरीच्या काळातलं रेसलिंग आठवड्याच्या हिशेबाने बघा

जुनं अमेरिकन रेसलिंग बघायला घेतलेली बरीच मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या भागातच कंटाळतात. तक्रार ठरलेली असते. एवढा गाजलेला पैलवान, आणि त्याच्यासमोर कोण, तर पोट सुटलेला, कधी नावही न ऐकलेला गडी. तीन मिनिटांत खेळ खलास, आणि पुढे पाच मिनिटं माइकवर नुसती बडबड. तक्रार खोटी नाही. पण हे कार्यक्रम मुळात तिकिटं खपवण्यासाठी बनायचे, हे लक्षात घेतलं की तीच बडबड कान देऊन ऐकावीशी वाटते.

थोडी पार्श्वभूमी. 1948 मध्ये आयोवातल्या वॉटर्लू गावी काही प्रमोटर, म्हणजे खेळ भरवणारे, एकत्र आले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स उभी राहिली. व्यवहार साधा होता: एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही, जगज्जेता एकच मानायचा आणि तो आळीपाळीने सगळ्यांकडे जाईल. ही हद्द म्हणजे टेरिटरी. सेंट लुईस सॅम मशनिकचं, फ्लोरिडा एडी ग्रॅहमचं, कॅरोलायना क्रॉकेट घराण्याचं, पोर्टलंड डॉन ओवेनचं. मिनिआपोलिसच्या व्हर्न गान्याने 1960 मध्ये एडब्ल्यूए नावाची वेगळी चूल मांडली, आणि 1963 मध्ये थोरल्या मॅकमहॉनने न्यूयॉर्कच्या बाजूला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ काढली. ही हद्दबंदी सरकारच्याही डोळ्यांवर आली आणि 1956 मध्ये न्याय खात्याने अलायन्सकडून मक्तेदारी थांबवण्याची लेखी हमी घेतली. व्यवहार त्यानंतरही बराचसा तसाच चालू राहिला, हे वेगळं सांगायला नको.

या धंद्यात पैसा येई तो दारावर, तिकीट खिडकीत. टीव्ही स्टेशनला आठवड्याचा एक स्वस्त तास मिळायचा, प्रमोटरला जाहिरात. मोठी लढत फुकटात घरबसल्या दाखवली तर सोमवारी हॉलवर कोण येणार? म्हणून पडद्यावर स्क्वॉश, म्हणजे एकतर्फी लढत, आणि खरा सामना हॉलमध्ये. पगारी हरणाऱ्या गड्याला जॉबर म्हणत. त्याचं काम समोरच्याचा मुख्य डाव खतरनाक दिसेल असा अंगावर घेणं.

त्यामुळे बघण्याचं एकक ‘एक लढत’ धरलंत तर फसाल. एकक आहे त्या गावातल्या हॉलचं चक्र.

मेम्फिसचं घ्या. 1977 पासून चॅनेल 5, म्हणजे डब्ल्यूएमसीच्या स्टुडिओतून शनिवारी सकाळी दीड तास थेट प्रक्षेपण आणि सोमवारी रात्री मिड-साउथ कोलिझियममध्ये खेळ. मध्ये जेमतेम अडीच दिवस. दर आठवड्याला त्याच गावातली तीच माणसं परत हॉलवर आणायची, म्हणजे गोष्ट पळवावीच लागणार. म्हणूनच मेम्फिसमध्ये पट्टे, म्हणजे अजिंक्यपदं, सारखे हात बदलतात, मित्र महिन्याभरात वैरी होतात, आणि ‘हरेल त्याने गाव सोडायचं’ ही अट वरचेवर येते. ती अट निव्वळ नाटकासाठी नसायची. पैलवान दुसऱ्या टेरिटरीत कामाला निघालेला असायचा, त्याला वाजतगाजत निरोप द्यायची ही सोय.

उलट न्यूयॉर्क. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा खेळ साधारण महिन्यातून एकदा. तिथे तिथल्या विजेत्यासमोर, ब्रूनो सामार्टिनोसमोर, एकच आव्हानवीर दोन-तीन महिने पुरवून खायचा. पहिल्या महिन्यात रक्तबंबाळ होऊन किंवा रिंगबाहेर राहून निकाल अर्धवट, दुसऱ्यात पुन्हा काहीतरी गफलत, तिसऱ्यात पिंजऱ्यातली लढत किंवा टेक्सास डेथ मॅच, म्हणजे जवळपास नियम नसलेली लढत, आणि हिशेब चुकता. मेम्फिसच्या सवयीने हे बघितलं तर रटाळ वाटतं, आणि न्यूयॉर्कच्या सवयीने मेम्फिस म्हणजे नुसता गोंधळ. दोन्ही एका बैठकीत मिसळू नका.

सुरुवात कुठून करावी याबद्दल मतं अनेक आहेत. माझं मत: मिड-साउथ, 1984 चे पहिले काही महिने. बिल वॉट्सची ही टेरिटरी लुईझियाना, ओक्लाहोमा, मिसिसिपी भागातली, आणि टीव्हीचं चित्रीकरण श्रीव्हपोर्टच्या आयरिश मॅकनील बॉइज क्लबमध्ये. 1983 च्या अखेरीस वॉट्सने मेम्फिसकडून ताज्या दमाची पोरं उचलली: रिकी मॉर्टन आणि रॉबर्ट गिब्सन, म्हणजे रॉक अँड रोल एक्सप्रेस, बॉबी ईटन आणि डेनिस कॉन्ड्री, म्हणजे मिडनाइट एक्सप्रेस, आणि त्यांचा टेनिस रॅकेटवाला मॅनेजर जिम कॉर्नेट. इथे एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. कॉर्नेट आपल्या जोडीच्या यशाचा केक रिंगमध्ये घेऊन येतो आणि त्याचंच तोंड केकमध्ये जातं. एवढ्यावर कुणीही थांबला असता. वॉट्स पुढे काय करतो बघा. तो स्वतः निवेदकाच्या खुर्चीत आहे, आणि ती फीत पुन्हा दाखवून खदाखदा हसतो. कॉर्नेट जाब विचारायला येतो, तोंड सोडतो, वॉट्स थोबाडीत लगावतो. मग मिडनाइट एक्सप्रेस वॉट्सला रक्त येईपर्यंत बडवते. परिणाम: निवृत्तीच्या वाटेवरचा मालक पुन्हा रिंगमध्ये, सोबत जंकयार्ड डॉग हा पैलवान मुखवट्यात, ‘स्टॅगर ली’ या नावाने, आणि ‘द लास्ट स्टॅम्पीड’ नावाने गावोगाव खेळ. केकपासून तिकिटापर्यंत प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि प्रत्येक पायरी वेगळ्या आठवड्यात पडते. सलग भाग न बघता फक्त केकची क्लिप बघितली तर तो पोरखेळ वाटेल.

स्क्वॉश बघताना लढतीकडे कमी आणि तीन गोष्टींकडे जास्त लक्ष द्या. एक, शेवटचा डाव कोणता आणि निवेदक त्याचं नाव किती वेळा घेतो. पुढे हॉलमध्ये त्याच डावातून कोणीतरी सुटणार असतं. दोन, हील, म्हणजे खलनायक, तीनपैकी दोनची मोजणी झाल्यावर स्वतःच जॉबरचा खांदा उचलतो का. उचलला, की हा माणूस जिंकण्यापेक्षा छळण्यात रमतो हे एका हालचालीत कळतं. तीन, लढत चालू असताना निवेदक कुणाबद्दल बोलतोय. बहुतेक वेळा रिंगमध्ये नसलेल्या माणसाबद्दल, आणि पुढची लढत तीच.

निवेदक हा या सगळ्याचा कणा. मेम्फिसला लान्स रसेल आणि डेव्ह ब्राउन एका साध्या टेबलामागे बसत. ब्राउन त्याच स्टेशनवर हवामानाचा अंदाज सांगायचा. ज्याच्या शब्दावर लोक छत्री घ्यायची की नाही ठरवायचे, तो गंभीरपणे ‘सोमवारी हे दोघे भिडणार’ म्हणतो तेव्हा ते खरंच वाटतं. रसेल चिडायचा तो शाळेतल्या मास्तरासारखा: आवाज न चढवता, नाक मुरडून. पैलवान माइक हिसकावतो, रसेल एक पाऊल मागे सरतो, पण नजर हटवत नाही. मेम्फिसच्या जेरी लॉलरचे निम्मे प्रोमो, म्हणजे माइकवरची आव्हानं, त्या नजरेमुळे चालतात. टॅम्पा आणि अटलांटाचा गॉर्डन सोली वेगळ्या जातीचा, जणू शस्त्रक्रियेचं वर्णन करतोय अशा थंड आवाजात डाव सांगणारा. तो आवाज वाढवतो तेव्हा खरंच काहीतरी मोठं घडलेलं असतं. कॅलगरीचा एड व्हेलन, ह्यूस्टनचा पॉल बोश, डॅलसचा बिल मर्सर हेही ऐकावेत, पण सोली आणि रसेल आधी.

जगज्जेत्याची फेरी ओळखायला शिका. हार्ली रेस किंवा रिक फ्लेअर टेरिटरीत आला की तास-तासभराच्या बरोबरीच्या लढती आणि अपात्रतेचे निकाल दिसतात, आणि नव्या प्रेक्षकाला वाटतं की शेवट लिहायचा आळस केला. गणित सोपं आहे. अपात्रतेवर पट्टा जात नाही, त्यामुळे गावचा नायक जिंकतो आणि पट्टा घेऊन विजेता पुढच्या टेरिटरीत जातो. दोघांचीही पत राहते. पट्टा खरोखर हलला तर ती घटना असायची: 20 जुलै 1973 ला ह्यूस्टनमध्ये जॅक ब्रिस्को, 6 फेब्रुवारी 1977 ला टोरांटोत रेस, 17 सप्टेंबर 1981 ला कॅन्सस सिटीत फ्लेअर.

आता फितींचा भाग, कारण गोंधळ जास्त इथेच होतो. स्टेशनं दोन इंची व्हिडिओटेप वापरायची. ती महाग आणि अवजड, म्हणून प्रक्षेपण झालं की पुसून पुन्हा वापरायची. एकच टेप या गावच्या स्टेशनवरून त्या गावच्या स्टेशनवर पाठवली जायची आणि शेवटी परत येऊन पुसली जायची. म्हणून सत्तरच्या दशकातलं बरंचसं काम गेलं ते गेलंच. घरगुती व्हीएचएस अमेरिकेत 1977 मध्ये आलं, आणि त्यानंतरचं बरंच काही प्रेक्षकांनी घरी रेकॉर्ड केलं म्हणून उरलं. त्याआधीच्या काळाचे सलग महिने शोधत बसू नका. तुकडे मिळतील, तेवढेच बघा.

तारखांवर आंधळा विश्वास नको. मेम्फिस थेट असल्याने तिथे प्रक्षेपणाची तारीख हीच घटनेची तारीख. डब्ल्यूडब्ल्यूएफ (आधीची डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ) पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन आणि हॅम्बर्गला एका मुक्कामात तीन आठवड्यांचं टीव्ही उरकून घ्यायची. खात्री करायची असेल तर पहिल्या रांगेतले चेहरे आणि शर्ट बघा. तीन ‘आठवडे’ तोच माणूस त्याच शर्टात बसलेला सापडतो. शिवाय एकाच भागाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. मधले प्रोमो गावागणिक बदलायचे. क्रॉकेटकडे पैलवान एकामागून एक गावांची नावं बदलत तेच वैर पुन्हा पुन्हा बोलायचे. लढती त्याच पण प्रोमो वेगळा दिसला तर फीत खोटी आहे असं समजू नका. प्रोमोत हॉलचं नाव आणि वार सांगतात, त्यावरून ती कोणत्या गावची प्रत हे ठरतं. वहीत चार रकाने पुरतात: प्रक्षेपणाची तारीख, प्रोमोतलं गाव, जाहीर झालेली लढत, आणि पुढच्या भागात सांगितलेला निकाल. चौथा रकाना रिकामा राहिला तर मधला भाग गायब आहे.

चित्राचं. मूळ प्रक्षेपण इंटरलेस्ड, सेकंदाला सुमारे 60 अर्धचित्रं. ती नीट जोडली नाहीत तर हात-पाय हलताना कंगव्यासारखे दात दिसतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करून ‘यादिफ 2एक्स’ निवडा. हालचाल लगेच मऊसूत होते. मात्र कोणी आधीच 360 किंवा 720 ओळींत बदलताना दात चित्रातच भाजून ठेवले असतील तर इलाज नाही, 480 ओळींची दुसरी प्रत शोधा. पन्नाशीतल्या शिकागोच्या मॅरिगोल्ड अरीनातल्या लढती किनेस्कोपवर आहेत, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून काढलेल्या. त्यांना डीइंटरलेस लावू नका, उगाच बारकावे जातात. चित्र 4:3 च ठेवा. रुंद पडद्याला ताणलेल्या प्रतीत सगळेच पैलवान बुटके आणि जाडे दिसतात. तळाशी थरथरणारी बारीक पट्टी हा व्हीएचएसचा नेहमीचा भाग, बिघाड नव्हे. प्रतीची प्रत काढत गेलं की लाल रंग उजवीकडे सांडतो, आणि या खेळात लाल रंगाचं काम फार, म्हणून प्रत कितव्या पिढीची याचा अंदाज कपाळावरच्या रक्तावरून पटकन येतो. यंत्राने ‘सुधारलेल्या’ प्रती मी टाळायलाच सांगेन; चेहरे मेणाचे होतात आणि मागची गर्दी वितळते.

आवाजाचा वेगळा घोळ. डॅलसच्या वर्ल्ड क्लास या टेरिटरीने पैलवानांच्या प्रवेशाला गाजलेली गाणी लावली. अधिकृत प्रतींत हक्कांमुळे ती बदललेली असतात, आणि त्या वेळचं निवेदन व गर्दीचा गलका पुष्कळदा त्यांच्यासोबतच जातो. 25 डिसेंबर 1982 चा रियुनियन अरीनातला फ्लेअर विरुद्ध केरी फॉन एरिक हा पिंजऱ्याचा सामना, जिथे टेरी गॉर्डी केरीच्या डोक्यावर दार आपटतो, त्या सामन्यात तरी गर्दीचा आवाज शाबूत असलेली प्रत मिळवा. फ्रीबर्ड्सशी, म्हणजे गॉर्डीच्या टोळीशी, चाललेलं पुढचं सगळं वैर त्या आवाजावर उभं आहे.

कुठे थांबायचं? अटलांटाचं वेळापत्रक हाताशी ठेवा. टेड टर्नरचं ‘चॅनेल 17’ हे तिथलं स्टेशन डिसेंबर 1976 मध्ये उपग्रहावर गेलं, तेव्हाच हद्दीची भिंत पोकळ झाली होती. एका गावचा शनिवार संध्याकाळचा कार्यक्रम देशभर दिसू लागला. 14 जुलै 1984 ला त्याच वेळेत धाकट्या मॅकमहॉनचं डब्ल्यूडब्ल्यूएफ दिसलं आणि स्टेशनकडे तक्रारींचा पाऊस पडला. मेम्फिस आणि पोर्टलंड त्यानंतरही काही वर्षं तग धरून होते, म्हणून तिथलं 1986 पर्यंतचं खुशाल बघा. क्रॉकेटचं 1985 नंतरचं काम उत्तम आहे, पण ते देशभराच्या टीव्हीसाठी बनलेलं, त्याला गावाच्या चक्राचा हिशेब लावू नका.