आमची वाटचाल : छोट्या लॉटचं मोठं गणित

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आम्ही इलेक्ट्रॉनिक बोर्ड जुळवतो. एलईडी ड्रायव्हर, सोलर चार्ज कंट्रोलर, शेतीपंपाच्या स्टार्टरचे बोर्ड. सुरुवात टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन झाली. पुढे कर्ज काढून एसएमटी लाइन आणली, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावर पार्ट बसवून जोडणाऱ्या मशीनची रांग. बोर्डावर सोल्डरची पेस्ट लावणारा प्रिंटर, पार्ट उचलून बसवणारं पिक अँड प्लेस, पेस्ट वितळवणारा रिफ्लो ओव्हन आणि शेवटी तपासणीचा कॅमेरा.

मशीन तासाला किती पार्ट बसवतं हे विकणारा सांगतो. आमच्यासारख्यांचे लॉट मात्र शंभर-दोनशे बोर्डांचे. एक लॉट संपला की पार्टची रील उतरवा, नवी चढवा, पेस्ट छापायची जाळी म्हणजे स्टेन्सिल बदला, पहिला बोर्ड तपासा. बसवण्यापेक्षा बदलण्यातच वेळ जायचा. ऑर्डर ज्या तारखेला आली त्याच क्रमाने लावायची, ही तेव्हाची रीत होती.

रीलमधले पार्ट मशीनला पुरवणारे फीडर लावणाऱ्या आमच्या एका ताईंनी एकदा विचारलं, "सर, हे रील काहून काढता जी? पुढच्या बोर्डालेबी हेच लागते." आमच्या नियोजनाची खरी सुरुवात मी त्या प्रश्नापासून धरतो. आम्ही सगळ्या बोर्डांच्या पार्ट-याद्या एका एक्सेल शीटमध्ये आणल्या आणि कुठल्या दोन बोर्डांत किती पार्ट सारखे आहेत ते काढलं. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जवळपास सगळीकडे निघाले. त्यांचे फीडर आता कायमचे जागेवर असतात. ग्राहकाच्या संमतीने मूल्यात ५ टक्के फरक चालणाऱ्या रेझिस्टरऐवजी सगळीकडे १ टक्क्याचाच वापरतो. किंमत किंचित जास्त, पण एक फीडर वाचतो आणि तो फीडर मला पैशांपेक्षा मोलाचा आहे.

सारखे पार्ट असलेले बोर्ड आता पाठोपाठ लागतात. एक लॉट चालू असतानाच पुढचे फीडर दुसऱ्या ट्रॉलीवर भरून तयार होतात. आणि एकही पार्ट कमी असेल तर तो लॉट लाइनवर चढत नाही, मग ग्राहक कितीही मोठा असो.

ओव्हनचंही गणित आहे. शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतं, शिसंविरहित एसएसी ३०५ (कथील, चांदी, तांबं) साधारण २१७ अंशांना. ओव्हन तापतो लवकर, निवतो सावकाश. म्हणून शिशाचं काम सकाळी, दुसरं नंतर. दोन्हींची स्टेन्सिलं आणि पेस्ट पसरवायची पट्टी, म्हणजे स्क्वीजी, वेगळी. पेस्ट फ्रिजमध्ये असते, ती खोलीच्या तापमानाला यायला काही तास लागतात. त्यामुळे कोणता डबा कधी बाहेर काढायचा हेही आदल्या दिवशीच ठरतं.

नागपूरच्या हवेलाही प्लॅनमध्ये जागा द्यावी लागते. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की स्थिर विजेची भीती, पावसाळ्यात उलट, ओलाव्याची. काही आयसी (चिप) हवेतला ओलावा शोषतात; त्यातले एमएसएल ३ या ओलावा-श्रेणीचे आयसी पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तासांत वापरावे लागतात, नाहीतर बेक करा, म्हणजे तापवून वाळवा. म्हणून ते आयसी लागणारे बोर्ड आम्ही पावसाळ्यात सलग उरकतो आणि उरलेलं रील लगेच ड्राय कॅबिनेटमध्ये जातं.

तातडीचं काम येतंच. त्यासाठी आठवड्यात एक पाळी मोकळी ठेवतो. ती भरलेली असेल, तर नव्या कामामुळे कोणाचा लॉट किती मागे जाईल ते दोन्ही ग्राहकांना फोन करून सांगतो आणि मगच हो म्हणतो.