नापोलीत स्वस्तात राहायचंय? आधी दहा सेंटची नाणी जमवा

नापोलीतलं, म्हणजे इटलीतल्या नेपल्समधलं, माझं घर म्हणजे एक खोली, एक ओटा आणि दोन्ही कोपरं भिंतीला लागतील एवढी बाथरूम. त्यामुळे कोणी येतो म्हणालं की त्यांची झोपायची सोय बाहेरच लावावी लागते. गेल्या तीन वर्षांत मिरजेची मावशी आणि काका, पुण्याची मैत्रीण तिच्या दोन मुलांसह, आतेभाऊ आणि त्याचं टोळकं, अशा सगळ्यांसाठी मी इथे स्वस्त खोल्या शोधल्या. काही शोध चांगलेच फसले. ‘तू हे एकदा लिहून का ठेवत नाहीस, प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसतेस,’ असं आतेभाऊ म्हणाला, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात आधी ‘हॉटेल’ हा शब्द डोक्यातून काढा. नापोलीच्या जुन्या भागात कमी पैशातलं हॉटेल म्हणजे बहुतेक वेळा दगडी इमारतीतला एक मजला, किंवा अर्धाच. पहिल्या मजल्यावर वकिलाचं ऑफिस, दुसऱ्यावर एक आजी आणि तिचं भुंकरं कुत्रं, तिसऱ्यावर तुमच्या चार खोल्या. रस्त्यावरून दिसेल अशी मोठी पाटी नाही, रात्रभर जागं काउंटर नाही. अवाढव्य लाकडी दरवाजा असतो, त्याला पोर्तोने म्हणतात. शेजारी घंटीच्या बटणांची रांग आणि त्यांवर आडनावं. त्या आडनावांच्या गर्दीत कुठेतरी तुमच्या मुक्कामाचं नाव चिकटवलेलं असतं. थोडक्यात, तुम्ही तीन दिवसांसाठी त्या इमारतीचे बिऱ्हाडकरू होता.

मावशी-काका आले ते रोममार्गे. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून वेगवान गाडीने नापोली सव्वा तासावर आहे, तो भाग सुरळीत झाला. मला त्या दिवशी कामावरून निघायला उशीर झाला, म्हणून त्यांना पत्ता पाठवून दिला. पत्त्यात ‘स्काला बी, तेर्त्सो पियानो’ असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याचा अर्थ सांगायला मात्र विसरले. स्काला म्हणजे जिना. एका पोर्तोनेच्या आत चौक असतो आणि चौकातून दोन-तीन वेगवेगळे जिने वर जातात, ते वर एकमेकांना मिळत नाहीत. काका ‘ए’ जिन्याने तिसरा मजला चढले, एका अनोळखी कुटुंबाच्या जेवणात डोकावले, त्यांच्याकडून पाणी प्यायले आणि खाली आले. इथला तिसरा मजला आपला तिसरा मजला नव्हे, हेही लक्षात ठेवा. जुन्या वाड्यांची छतं इतकी उंच असतात की त्या तिसऱ्या मजल्याला मी नंतर मोजलेल्या पायऱ्या शहाण्णव भरल्या.

‘अगं पण लिफ्ट होती ना?’ होती. लोखंडी जाळीची, सुंदर, आणि बंद. आत एक छोटी पेटी होती. तिच्यात दहा सेंटचं नाणं टाकलं की लिफ्ट हलते, नाही तर ढिम्म. नापोलीच्या अनेक जुन्या इमारतींत अजून हा प्रकार आहे. लिफ्टच्या देखभालीचा खर्च रहिवासी वाटून घेतात, त्यांच्याकडे किल्ली असते. बाहेरून येणाऱ्याने प्रत्येक खेपेला आपला वाटा टाकायचा. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. पण रात्री साडेनऊ वाजता, दोन मोठ्या बॅगा, खिशात पन्नास युरोच्या कोऱ्या नोटा आणि एक क्रेडिट कार्ड अशा अवस्थेत तत्त्वाचं कौतुक कोणाला? काही पेट्या पाच सेंटच्या असतात, काही वीसच्या. म्हणून स्टेशनवर उतरल्या उतरल्या एक कॉफी प्या आणि सुटे पैसे मागून घ्या. खोली ठरवताना मालकाला दोनच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि ती नाण्यावर चालते का? त्यांना प्रश्नाचं नवल वाटत नाही.

आता खोलीची जाहिरात कशी वाचायची ते. खरे पैसे इथे वाचतात किंवा बुडतात.

‘सोप्पाल्को’ हा शब्द दिसला तर थांबा. सोप्पाल्को म्हणजे पोटमाळा. उंच छताचा फायदा घेऊन खोलीतच माळा काढतात, वर गादी टाकतात आणि खाली सोफा ठेवून ‘चौघांची खोली’ म्हणून विकतात. मैत्रिणीच्या मुलांनी त्या माळ्यावर धमाल केली. मावशीच्या गुडघ्यांना तो शिडीवजा जिना मध्यरात्री उतरणं शक्यच नव्हतं.

‘बान्यो प्रिवातो एस्तेर्नो’ म्हणजे बाथरूम तुमचीच, फक्त खोलीबाहेर, व्हरांडा ओलांडून. यात फसवणूक काहीच नाही, शब्द सरळ आहेत. पण आपण ‘प्रिवातो’ वाचतो आणि पुढचा शब्द सोडून देतो. ‘इन कोमूने’ म्हणजे सगळ्यांची मिळून एक. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे जोडप्याचा एकच मोठा पलंग. आतेभावाने आणि त्याच्या मित्राने हा शब्द न वाचता खोली घेतली आणि चार रात्री एकमेकांकडे पाठ करून काढल्या. दोन वेगळ्या खाटा हव्या असतील तर ‘दुए लेत्ती’ असं लिहून विचारा.

आणि ‘बास्सो’. नापोलीच्या गल्ल्यांत तळमजल्यावर थेट रस्त्यावर उघडणारी एका खोलीची घरं असतात. पिढ्यान् पिढ्या गरीब कुटुंबं त्यांत राहत आली, अजूनही राहतात. त्यातली बरीच आता पर्यटकांना भाड्याने जातात. फोटोत विटांची कमान आणि पांढरी भिंत फार देखणी दिसते. फोटोत हे दिसत नाही की दार हीच खिडकी आहे. दार उघडलं तर उजेड आणि समोरून जाणारी स्कूटर दोन्ही आत, दार लावलं तर अंधार आणि ओल. एका माणसाला दोन रात्री चालेल. शिवाय ज्या घरातून कोणाला तरी उठवून ते पाहुण्यांसाठी रंगवलं, तिथे राहायचं का, हा प्रश्न मला पडतो. तुम्हाला पडलाच पाहिजे असं नाही.

जाहिरातीत ‘सीआयएन’ नावाचा लांबलचक क्रमांक आहे का, तेही बघा. २०२५ पासून इटलीत पर्यटकांना खोली देणाऱ्या प्रत्येकाला हा राष्ट्रीय क्रमांक जाहिरातीत आणि दारावर लावावा लागतो. तो नसेल तर पुढे जा.

भाग कुठला निवडायचा? स्टेशनसमोरचा गारिबाल्दी चौक सगळ्यात स्वस्त, सगळ्यात गोंगाटाचा. रात्री उशिरा तिथून बॅग ओढत चालायला मला आवडत नाही. पण पहाटेची गाडी असेल किंवा ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं प्राचीन पाँपेई बघायला जायचं असेल तर सोयीचा तोच. पाँपेईची लोकल गारिबाल्दीच्या आधीच्या पोर्ता नोलाना स्टेशनातून सुटते. तिथे जाऊन बसलात तर जागा मिळते, नाही तर विरार लोकलची आठवण येईल. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, तेही विरारसारखंच.

स्पाक्कानापोली या रस्त्याच्या आसपासचं जुनं शहर १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि राहायला खरंच मजेचं आहे, फक्त झोपेची अपेक्षा बेताची ठेवा. काळ्या दगडी फरसबंदीवरून स्कूटर गेली की अख्खी गल्ली वाजते. आणि इथे कोणाचा वाढदिवस असला की रात्री बारा वाजता भर रस्त्यात फटाके उडतात, दिवाळी नसली तरी. इमारतीच्या आतल्या चौकाकडे उघडणारी खोली मागा: अंधारी असते, पण शांत. क्वार्तिएरी स्पान्योली या गल्ल्यांच्या वस्तीत फुटबॉलपटू मारादोनाचं मोठं भित्तिचित्र आहे. त्या बाजूला दिवसभर जत्रा असते आणि २०२३ व २०२५ मध्ये नापोली संघाने लीग जिंकल्यापासून निळ्या पताका काही उतरलेल्या नाहीत.

आई-वडील बरोबर असतील तर माझं मत व्होमेरोला. टेकडीवरची मध्यमवर्गीय वस्ती, रुंद पदपथ, बसायला बाक. खाली शहरात यायला मेट्रो आहे आणि डोंगर उतरणाऱ्या फ्युनिक्युलर गाड्या आहेत. त्यातली किआयाची तर १८८९ मधली. खोली थोडी महाग पडते, पण टॅक्सी वाचते. विमानतळावरून अलिबुस नावाची बस पाच युरोत स्टेशनपर्यंत आणि पुढे बंदरापर्यंत नेते. टॅक्सीच घेतली तर बसण्याआधी ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ एवढं म्हणा. ठरावीक मार्गांचे बांधील दर असतात, पण ते आधी मागावे लागतात. मीटर पडल्यावर बोलून उपयोग नाही.

खोलीत शिरलात की मालक पासपोर्ट मागेल आणि त्याचा फोटो काढेल. घाबरू नका. प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आपल्याकडेही परदेशी पाहुण्यासाठी हॉटेलवाले फॉर्म भरतातच. दुसरं, शहराचा पर्यटक कर. माणशी, प्रत्येक रात्रीचा, आणि बहुतेकदा ऑनलाइन भरलेल्या रकमेत नसतो. तो तिथे रोख मागतात. पावती घ्या. रात्री उशिरा पोचणार असाल तर त्याचे वेगळे पैसे लागतात का, हे आधीच विचारा.

बाथरूमबद्दल एक आनंदाची आणि एक सावधगिरीची गोष्ट. आनंदाची अशी की इटलीत पाणी आहे! १९७५ च्या एका सरकारी नियमानुसार प्रत्येक घरातल्या किमान एका बाथरूममध्ये बिदे, म्हणजे धुवायचं बसकं भांडं, असावंच लागतं. त्यामुळे साध्यातल्या साध्या खोलीतही ते बहुधा असतंच आणि बाकी युरोपात होणारी आपली पंचाईत इथे होत नाही. सावधगिरीची अशी की शॉवरजवळ वरून एक दोरी लोंबत असते. पहिल्या सकाळी सात वाजता मला मालकिणीचा फोन आला, ती धापा टाकत होती. काकांनी त्या दोरीवर पंचा वाळत घातला होता. ती मदतीची दोरी, कोणी आत पडलं तर ओढायची. इमारतीत घंटा घणघणत होती, मालकीण गाऊनवर धावत आली होती आणि काका दाराच्या फटीतून सांगत होते, ‘एव्हरीथिंग फाइन, मॅडम, ओन्ली टॉवेल.’

हिवाळ्यात येणार असाल तर आणखी एक. इथल्या इमारतींचं सामाईक हीटिंग मनाला येईल तेव्हा लागत नाही. नापोली ज्या हवामान पट्ट्यात येतं तिथे ते १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च, तेही दिवसाला दहा तास, असं नियमाने ठरलेलं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दगडी भिंतींची खोली चांगलीच गार पडते आणि मालक हात वर करतो. त्याचा खरंच इलाज नसतो. एक जास्तीचं ब्लँकेट मागा, स्वेटर घालून झोपा.

सकाळचा चहा हा मावशीचा जीव की प्राण. खोलीत किटली क्वचितच असते, म्हणून ती मिरजेहून घेऊन आली होती. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, त्यामुळे किटली चालते. पण आपला तीन पिनांचा प्लग इथल्या भोकांत जात नाही, अडॅप्टर लागतो. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर सहसा थेट बसतो. मात्र बहुतेक घरांना वीजजोडणी तीनच किलोवॉटची असते. मावशीने किटली लावली, शेजारच्या खोलीत कोणी हेअर ड्रायर, वर एसी, आणि मजला काळोखात. त्यानंतर ती चहाआधी व्हरांड्यात जाऊन ‘कोणी काही लावलंय का?’ असं मराठीत विचारायची. कोणीतरी ‘नो, नो’ म्हणायचं. कसं कळायचं कोण जाणे.

नाश्ता बहुधा खालच्या बारमध्ये (इथे कॉफीच्या दुकानाला बार म्हणतात) असतो: कुपन दाखवा, एक कोर्नेत्तो, म्हणजे क्रोसाँसारखा गोड पाव, आणि एक कापुच्चीनो. शाकाहारी मंडळींनी तिथेच कान टवकारावेत. कोर्नेत्तोत अंडं असतं. इथली प्रसिद्ध पदर सुटलेली स्फोल्यातेल्ला पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात आणि मिरी घातलेली कडक ताराल्लीसुद्धा. विचारायचा शब्द ‘सुन्या’ किंवा ‘स्त्रुत्तो’, दोन्ही म्हणजे तीच चरबी. बटाट्याचे क्रोक्के बघून बटाटेवडा भेटल्यासारखं वाटतं, पण आत कधी हॅम निघतं. पोट भरायला निर्धास्त पदार्थ म्हणजे मारिनारा पिझ्झा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीजसुद्धा नाही. सगळ्यात स्वस्तही तोच. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. आणि तिसऱ्या दिवशी फोडणीची आठवण आली तर कावूर चौक आणि सानिताच्या बाजूला श्रीलंकन दुकानं आहेत. नापोलीत श्रीलंकेची माणसं मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे कढीपत्ता, नारळ, मसूर डाळ सगळं मिळतं. तिकडे गेलातच तर व्हेर्जिनी रस्त्यावरच्या पालात्सो देल्लो स्पान्योलोच्या आतल्या चौकात शिरा. १७३८ चा वाडा आहे, ससाण्याने पंख पसरावेत तसा दुहेरी जिना आणि वर माणसं राहतायत, कपडे वाळतायत.

मावशीला शेवटी सगळ्यात काय आवडलं, तर समोरची आजी. चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, पाववाला त्यात पाव ठेवायचा, टोपली वर. तिला इथे पानारो म्हणतात. मावशी लग्नाआधी गिरगावात चाळीत राहायची. ती त्या टोपलीकडे रोज सकाळी दहा मिनिटं बघत उभी असायची आणि चहा गार व्हायचा.

निघायच्या दिवशी आम्ही बॅगा घेऊन लिफ्टने खाली आलो. मावशीने पर्स चाचपली, दहा सेंटची तीन नाणी उरली होती. ती तिने लिफ्टमधल्या त्या पेटीवर रचून ठेवली.

‘कोणीतरी उचलून नेईल,’ काका म्हणाले.

‘नेऊ दे की. त्यालापण वरच जायचं असेल.’