कॉन्ट्रा पुन्हा ५० हर्ट्झवर: एका टीव्ही गेमच्या दुरुस्तीची नोंदवही

मोबाइलवर इम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारं अॅप) कॉन्ट्रा लावला की जुन्या खेळाडूंची तक्रार ठरलेली: गेम पळतोय. उडी लवकर खाली येते, गाणं घाईत वाजतं, धबधब्याच्या लेव्हलला बोटं चुकतात. दोष बोटांचा नाही. इम्युलेटर जपानी-अमेरिकन वेगाने, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवत चालतो. आपल्या पाल या प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्हींसाठी आलेले बहुतेक टीव्ही गेम सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे ५० हर्ट्झ, दाखवायचे. लक्षात राहिलेला कॉन्ट्रा, मारिओ, टँक हा सगळा ५० हर्ट्झचा माल आहे. म्हणून आधी मूळ यंत्र जिवंत करायचं आणि मग त्याच्याशी ताडून इम्युलेटर लावायचा, असा या नोंदवहीचा क्रम आहे.

हाताशी असलेला माल: सोलापुरात भंगारात निघालेला एक टीव्ही गेम, ६० पिनांचा स्लॉट, ९ पिनांच्या प्लगचे दोन रिमोट, एक बंदूक, ९ व्होल्टचा अॅडॉप्टर आणि सहा कॅसेटी. लक्षणं: चालू केल्यावर पडदा एकाच रंगाचा. दहा वेळा कॅसेट हलवली की एकदा मेन्यू येतो आणि अर्ध्या तासाने सगळं गोठतं.

नोंद १: उघडून पाहणी

खालचे पाच स्क्रू काढले. आत ४० पायांच्या दोन मोठ्या चिप निघाल्या: यूए६५२७पी हा प्रोसेसर आणि यूए६५३८ ही चित्राची चिप. दोन्ही तैवानच्या यूएमसी कंपनीच्या. ही जोडी निघाली तर मशीन सांभाळून ठेवा. नंतरच्या स्वस्त मशीनमध्ये चिपऐवजी एक काळा डांबरी ठिपका असतो. तो बिघडला तर दुरुस्ती नाही, विषय संपला.

क्रिस्टलवर (मशीनचा वेग ठरवणारा भाग) २६.६०१ छापलेलं असेल तर मशीन ५० हर्ट्झचं. २१.४७७ असेल तर ६० हर्ट्झचं. आपलं पहिलं.

बोर्डावर धुळीचा थर होताच, पण स्लॉटच्या दातांत बारीक सूत अडकलेलं होतं. यंत्रमागाच्या गावातलं मशीन म्हटल्यावर हे आलंच. चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांच्या आसपास वापरलेल्या मशीनमध्ये सुताची पूड हमखास सापडते. ब्लोअरने ती उडत नाही, उलट आत दडपली जाते. आधी कोरडा दात घासायचा ब्रश, तो पिनांच्या दिशेने वरून खाली. आडवा घासला की तंतू दोन पिनांमध्ये गुंततात.

नोंद २: वीज

गोठण्याचं कारण इथे सापडलं. अॅडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय, पण आत साधा ट्रान्सफॉर्मर आहे. मशीन जोडून मोजलं तर ११.४ व्होल्ट. मशीन २४० मिलिअँपिअर घेतंय. बोर्डावरचा ७८०५ हा व्होल्टेज रेग्युलेटर या ११.४ चे ५ करतो आणि उरलेलं उष्णतेत घालवतो: ६.४ गुणिले ०.२४, म्हणजे दीड वॉट. हीटसिंक नसलेला ७८०५ दर वॉटला साधारण ६५ अंश तापतो. दीड वॉटला शंभर अंश झाले. वर आपला मे महिना ४२ अंशांचा, आणि बंद प्लास्टिकच्या खोक्यात आणखी आठ-दहा. बेरीज दीडशेच्या घरात जाते आणि तिथे ७८०५ स्वतःला वाचवायला बंद पडतो. थंड झाला की पुन्हा चालू. हाच बिघाड डिसेंबरात दिसलाही नसता.

उपाय दोन आहेत. सोपा: ७८०५ काढायचा आणि त्याच्या आउटपुटच्या जागी चांगल्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट द्यायचे. ७८०५ जागेवर ठेवून मागून ५ व्होल्ट देऊ नका. दुसरा: ७८०५ नवीन, त्याला ३ बाय ४ सेंटिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्मल पेस्ट, आणि वरच्या झाकणाला आतल्या बाजूने सहा-सात भोकं. इथे दुसरा केला, कारण हलक्या चार्जरमुळे पडद्यावर तिरक्या रेघा सरकताना दिसल्या. आता दोन तास चालवूनही गोठत नाही.

त्याच बैठकीत इनपुटचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला. जुन्याचं डोकं फुगलं नव्हतं, तरी पडद्यावर एक जाड काळसर पट्टा हळूहळू वर चढत होता. हा पट्टा म्हणजे सुकलेला फिल्टर कपॅसिटर. नवीन घेताना २५ व्होल्टचा आणि १०५ अंशांचाच मागा. दुकानदार ८५ चा पुढे करतो, तो ७८०५ च्या शेजारी लवकर वाळतो.

आणि एक: अॅडॉप्टरची टोकं मीटरने तपासल्याशिवाय लावू नका. काहींत मधली पिन ऋण असते, काहींत धन. प्लग मात्र एकसारखाच दिसतो आणि तसाच आत बसतो.

नोंद ३: स्लॉट आणि कॅसेटी

फुंकर मारणं बंद करा, हे कितीदा सांगितलं तरी हात तोंडाकडे जातोच. फुंकरीने कॅसेट चालते असं वाटतं, कारण ती काढून पुन्हा बसवली जाते. काम त्या पुन्हा बसवण्याने होतं. थुंकीची ओल मात्र पट्ट्यांवर हिरवा गंज चढवते.

कॅसेट उघडून पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कानकोरणीच्या कापसाने नाही तर जुन्या सुती कापडाने. कापूस तंतू सोडतो. खोडरबर फक्त काळ्या पडलेल्या पट्टीवर, हलक्या हाताने आणि शेवटी. स्वस्त कॅसेटींवर सोन्याचा मुलामा नावालाच असतो, खोडरबराने तो निघून जातो. पेट्रोल, थिनर अजिबात नको.

स्लॉटचे दात सैल झाले असतील तर जाड सुईने एकेक दात आत दाबावा लागतो. ६० दात, तासभराचं काम. जास्त दाबला तर पुढची कॅसेट घालताना तो मोडतो.

लक्षणावरून कुठला संपर्क गेला ते ओळखता येतं. पडदा एकाच रंगाचा म्हणजे प्रोसेसरच्या बाजूच्या पिना. मेन्यू येतो, पण अक्षरांच्या जागी विटा आणि कचरा, म्हणजे चित्राच्या बाजूच्या. मारिओ पळतो, पण पुढचा रस्ता मागच्याचीच नक्कल दाखवतो किंवा तुकडे होतात, तर १८ नंबरची पिन बघा. चित्र झकास आणि आवाज गायब, तर स्पीकर उघडू नका! आपलं मशीन ज्याची नक्कल आहे, त्या निन्टेंडोच्या जपानी फॅमिकॉमच्या रचनेत आवाज ४५ नंबरच्या पिनेतून कॅसेटीत जातो आणि ४६ मधून परत येतो. त्या दोन पट्ट्या मळल्या की मशीन मुकं. सहापैकी दोन कॅसेटींना हेच झालं होतं.

'९९९९ इन १' वाल्या कॅसेटीत खरे गेम थोडेच निघतात. बाकी मेन्यूतल्या ओळी त्याच गेमला वेगळ्या लेव्हलपासून किंवा वेगळ्या जिवांसह सुरू करतात. मारिओ सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे, ३२ प्रोग्रॅमचे आणि ८ चित्रांचे, त्यामुळे तो कुठेही मावतो. त्यातले ढग आणि झुडपं एकाच आकाराची आहेत, फक्त रंग वेगळा. कॉन्ट्रा १२८ किलोबाइटचा. टँकवाला गेम म्हणजे नाम्कोचा १९८५ चा बॅटल सिटी, मूळ ३५ लेव्हलचा. आपल्याकडच्या कॅसेटींत बऱ्याचदा त्याची फेरफार केलेली आवृत्ती असते.

नोंद ४: रिमोट

पहिल्या रिमोटचं डावं बटण मेलेलं. रबराखालचा काळा कार्बन झिजला होता. अल्कोहोलने पुसून फरक पडला नाही, म्हणून टीव्हीच्या जुन्या रिमोटमधले कार्बनचे गोल कापून सिलिकॉनच्या गोंदाने चिकटवले. फेविक्विक नको, ते कार्बनवर पसरून थर करतं आणि बटण कायमचं जातं.

दुसऱ्या रिमोटमधला काळा ठिपकाच मेलेला. इथे खरा वेळ गेला, आणि मजाही इथेच आली. फॅमिकॉमचा रिमोट म्हणजे एकच चिप, सीडी४०२१. आठ बटणांची अवस्था ती एका झटक्यात टिपून घेते आणि एकेक करून मशीनला सांगते. चिप इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते, महाग नाही. जोडणी:

१६ नंबरच्या पायाला ५ व्होल्ट, ८ ला ग्राउंड, ९ ला लॅच (बटणं टिपून घ्यायचा इशारा), १० ला क्लॉक (पुढचं बटण सांगायचा इशारा), ३ वरून डेटा बाहेर. बटणं: ए पाय १, बी १५, सिलेक्ट १४, स्टार्ट १३, वर ४, खाली ५, डावं ६, उजवं ७. प्रत्येक बटणाच्या पायापासून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि बटण दाबलं की पाय ग्राउंडला. ११ नंबरचा पाय लोंबकळत ठेवू नका, ग्राउंडला बांधा.

काळ्या ठिपक्याकडे जाणाऱ्या सगळ्या रेघा ब्लेडने तोडून मगच नव्या वायरी लावायच्या. एक रेघ राहिली होती. मेलेला ठिपका 'खाली' बटण धरून ठेवत होता आणि कॉन्ट्रातला गडी सतत लोळत होता. वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, दोन रिमोटच्या लाल वायरी वेगवेगळ्या पिनांवर निघाल्या. प्लगपासून मीटरची बीप ऐकत यायचं.

या बदलाने टर्बो बटणं (धरून ठेवली की आपोआप पटापट दाबली जाणारी) गेली. ती ठिपक्यातच होती. कॉन्ट्रात एस बंदूक (एकदम अनेक दिशांना गोळ्या सोडणारी) हाती असली तर टर्बोचं अडत नाही, गॅलेक्सियनसारख्या गेममध्येही नाही. टर्बोची सवय लागलेल्यांनी मशिनगन घ्यावी.

तपासणीसाठी कॉन्ट्राचा ३० जिवांचा कोड उत्तम: वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए स्टार्ट. सगळी दिशाबटणं आणि ए-बी एका दमात तपासून होतात. सुपर कॉन्ट्राला दहा जिवांचा वेगळा आहे: उजवं डावं खाली वर ए बी स्टार्ट.

नोंद ५: चित्र

अँटेनाच्या वायरीतून येणारं चित्र मुंग्यांनी भरलेलं. चित्राच्या चिपच्या २१ नंबरच्या पायावर व्हिडिओ थेट मिळतो. तो पाय बोर्डापासून अलग केला आणि बीसी५५७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला दिला. कलेक्टर ग्राउंडला, एमिटरपासून ५ व्होल्टला २२० ओहम, एमिटरवरून रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरड पार करून टीव्हीच्या पिवळ्या व्हिडिओ पिनेला. तो रेझिस्टर आधी ७५ ओहमचा लावला, चित्र काळवंडलं. ३३ ला नीट दिसलं. ट्रान्झिस्टर चिपच्या जवळच लावा, लांब वायर ओढली की रंगांच्या कडेला उभ्या रेघा येतात.

एचडीएमआय कन्व्हर्टर लावून पाहिला आणि काढला. या चिपला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता येतात. जास्त झाली की गेम ती आळीपाळीने लुकलुकवतो. कन्व्हर्टर दोन चित्रं मिसळतो, त्यामुळे गोळ्या अर्धपारदर्शक होतात किंवा दिसतच नाहीत. कॉन्ट्रात न दिसलेल्या गोळीने मरण्यात काही अर्थ नाही. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळाला तर घ्या, फक्त त्याचं मागचं झाकण उघडू नका. आतल्या नळीवर वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि तो बंद केल्यावरही राहतो.

बंदुकीला तर ट्यूबच लागते. बदकं मारायच्या गेममध्ये घोडा दाबला की एका चित्रापुरता पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधते. एलसीडीवर चौकोन उशिरा येतो, बदक वाचतं.

नोंद ६: इम्युलेटर ताडणं

मशीन शेजारी ठेवून मेसेन हा इम्युलेटर लावला. रीजन 'डेंडी' निवडायचा. डेंडी हे रशियात गाजलेल्या याच जातीच्या मशीनचं नाव. 'पाल' निवडू नका, कारण अधिकृत पाल निन्टेंडोचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि स्वर सात टक्के खाली येतो. आपल्या मशीनचा १.७७, मूळ जपानी १.७९. म्हणून आपल्याकडे गाणं संथ झालं, पण सूर जवळजवळ तोच राहिला.

फरक मोजायचा तर मारिओचं घड्याळ घ्या. त्यातला एक आकडा २४ चित्रांनी उतरतो. ४०० आकडे ६० हर्ट्झवर १६० सेकंदांत संपतात, ५० हर्ट्झवर १९२ सेकंदांत. पहिल्या लेव्हलला आपल्याला अर्धा मिनिट जास्त मिळायचा!

तरी आवाज वेगळाच वाटत होता. या यूएमसी प्रोसेसरमध्ये दोन चौकोनी लाटांच्या स्वरांच्या ड्यूटी सायकलची, म्हणजे लाट किती टक्के वेळ वर राहते त्या सेटिंगची, अदलाबदल झालेली आहे: २५ च्या जागी ५० आणि ५० च्या जागी २५. मेसेनच्या आवाजाच्या पर्यायांत ड्यूटी सायकल उलटवायचा पर्याय आहे. त्यावर टिक केल्यावर कॉन्ट्राच्या पहिल्या लेव्हलचं गाणं शेजारच्या मशीनसारखं वाजलं. एफसीईयूएक्स या दुसऱ्या इम्युलेटरमध्येही डेंडी आणि ही अदलाबदल दोन्ही आहेत.

उरलेलं काम: टर्बोसाठी ५५५ या टायमर चिपचा छोटा बोर्ड, पहिल्या रिमोटची मानेजवळ तुटत आलेली वायर, आणि एक कॅसेट, जी मेन्यू दाखवते पण टँक निवडला की थिजते. तिच्या पट्ट्या स्वच्छ आहेत, आत डांबरी ठिपक्यापाशी एक बारीक तडा दिसतोय.