अठरा पूर्ण झाल्यावर

गेल्या जूनमध्ये साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला एक खोली भाड्याने मिळावी म्हणून मी सात घरमालकांच्या दारांत गेलो आणि सातही ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला : "मुलाच्या घरचं कोण?" मुलगा बालगृहात वाढलेला, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेला आणि औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेला होता. शेवटी भाडेकरारावर जामीन म्हणून मीच सही केली, तेव्हा कुठे किल्ली हातात पडली.

कायद्याने अशा मुलांना अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. नियमांनुसार अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीची, मदत २१ व्या, अपवादात्मक परिस्थितीत २३ व्या वर्षापर्यंत मिळू शकते आणि महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षणही आहे. अनाथ प्रमाणपत्र मात्र मूल संस्थेत असतानाच काढून घ्यावे. नंतर जुन्या नोंदी गोळा करताना दमछाक होते.

खरी अडचण पहिल्या रविवारी कळली. बालगृहाच्या स्वयंपाकघरात तो वर्षानुवर्षे मदत करीत असल्यामुळे साठ माणसांची आमटी त्याला डोळे मिटून करता येत होती. पण एकट्यासाठी डाळ किती घ्यावी, हे त्याला ठाऊक नव्हते. पातेलेभर आमटी तीन दिवस पुरली आणि तिसऱ्या दिवशी आंबली. मग माझ्या पत्नीने आमच्या घरातली एक वाटी त्याला दिली आणि तिच्यावर खिळ्याने खूण करून सांगितले, "इथपर्यंतच घ्यायची." मिठाचा पुडा किती रुपयांना मिळतो, हेही त्याने आयुष्यात प्रथमच दुकानात विचारले होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील 'कमवा आणि शिका' ज्या गावाने पाहिले, त्या गावातल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत बाजारहाट करू दिला जात नाही, याचे मला नवल वाटते. सुरक्षिततेचे कारण मला मान्य आहे. तरीही सोळाव्या वर्षापासून महिन्याचे चारशे रुपये हाती देऊन त्यांचा हिशेब लिहायला लावणे काही अवघड नाही.

रात्री खोलीत फार शांत वाटते म्हणून तो अजून रेडिओ चालू ठेवून झोपतो. घरमालकीणबाईंनी एकदा तक्रार केली होती. कारण समजल्यावर त्यांनी फक्त आवाज कमी ठेवायला सांगितले.